आधी वीज, मग व्हॉल्व्ह

सीडीवरचा किंवा मोबाइलमधला आवाज म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या बाबतीत सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळे, प्रत्येकी १६ बिटांचे. या आकड्यांची पुन्हा वीज करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. नावाजलेल्या बऱ्याच डॅक चिपांचं काम मात्र अर्ध्यावरच थांबतं. त्या व्होल्टेज देत नाहीत, करंट देतात, आणि तोही चार-आठ मिलिॲम्पिअर. ॲम्प्लिफायरला तर साधारण २ व्होल्ट लागतात. मधली ही दरी भरून काढणारं सर्किट म्हणजे आउटपुट स्टेज. करंटचं व्होल्टेज करायचं, ते हवं तितकं वाढवायचं, आणि पुढची वायर व ॲम्प्लिफायर यांना पुरून उरेल एवढा दम त्यात ठेवायचा, एवढीच त्याची नोकरी. कारखान्यात हे काम आठ पायांचा ऑप-ॲम्प करतो. या पुस्तिकेत तेच काम व्हॉल्व्हकडून करून घ्यायचं आहे, आणि तेही बीड जिल्ह्यातल्या विजेवर.

हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. व्हॉल्व्हच्या सर्किटांवर इंग्रजीत चिक्कार लिहिलं गेलंय. ते सगळं वाचून, भाग गोळा करून, नकाशाप्रमाणे तंतोतंत जोडणी करूनही धारूर-केजकडच्या एखाद्या गावात डबा संध्याकाळी घुमायला लागतो, आणि सर्किटात तर काही चूक सापडत नाही. कारण तो नकाशा ज्याने काढला त्याच्या घरी भिंतीतल्या सॉकेटमधून नेमानं एकच व्होल्टेज येत होतं. आपल्याकडे तसं नाही. म्हणून या प्रस्तावनेचा बराचसा भाग विजेवर खर्च झालाय. आवाजाच्या गोडव्याबद्दल वाचायला आलेल्यांनी थोडा धीर धरावा.

आधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. व्हॉल्व्ह लावल्याने डॅक सुधारतो का? मोजमापाच्या हिशोबाने, नाही. एनई ५५३२ सारखा जुना, स्वस्त ऑप-ॲम्पसुद्धा विकृती, गोंगाट आणि आउटपुटचा रोध या तिन्ही बाबतींत साध्या व्हॉल्व्ह सर्किटाला सहज मागे टाकतो. ‘व्हॉल्व्ह लावला की आवाज गोड होतो’ हे वाक्य विकणाऱ्यांच्या सोयीचं आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते दोन कारणं पुरेशी आहेत. व्हॉल्व्हच्या सर्किटात प्रत्येक भागाचं काम उघड दिसतं. मीटरचं टोक टेकवलं की प्लेटवर किती, कॅथोडवर किती, सगळं कळतं. शिकणाऱ्या पोराला ऑप-ॲम्पच्या पोटात काय चाललंय ते कधीच दिसत नाही. आणि दुसरं, असं सर्किट वीस वर्षांनीही दुरुस्त करता येतं, व्हॉल्व्ह काढला आणि दुसरा बसवला. तिसरं कारण आवाजाच्या चवीचं. ते खरं आहे, पण लोक समजतात तसं नाही. त्याकडे पुढे येतो.

व्हॉल्व्ह आपल्या भागाला नवा नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९३० च्या दशकात डेक्कन रेडिओ सुरू झाला. मुंबईचे कार्यक्रम ज्या सेटवर ऐकले जात, त्याच सेटवर निजामाचा हा रेडिओही ऐकला जाई. १७ सप्टेंबर १९४८ ला शरणागतीची बातमीही लोकांपर्यंत पोचली ती रेडिओवरूनच. ते सगळे सेट व्हॉल्व्हचे. दुसरं काही नव्हतंच. बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

आणि गावात लाईट तर नव्हतीच. त्यामुळे खेड्यापाड्यांत जे सेट होते ते बॅटरीचे. त्यांना दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत, फिलामेंटसाठी दीड व्होल्टची आणि प्लेटसाठी ९० व्होल्टची. पुढे याच कामासाठी डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ असा चार व्हॉल्व्हचा संच आला. त्यातल्या पहिल्या तिघांची फिलामेंट प्रत्येकी फक्त २५ मिलिॲम्पिअर खात. काटकसर इतकी, की बॅटरी जरा बसली की आधी आवाज घोगरा होई, मग स्टेशन सरके, मग सेट मुका. मिस्त्रीकडे सेट नेला तर तो आधी मागचं झाकण काढत नसे, सेट चालू ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघे. सेट बंद असताना मापलेली बॅटरी फसवते, लोडवर मापलेलीच खरं सांगते. ही सवय सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यावर गेली. ती परत लावून घ्यायची आहे.

१९५४ साली बेंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी निघाली आणि साठच्या दशकात फिलिप्सच्या तंत्रावर रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनू लागले. ठाण्याचे मर्फी, फिलिप्स, बुश असे सेट घराघरांत कपाटावर बसले. त्यासाठी पोस्टातून लायसन काढावं लागे. या सेटांत ठरलेली मंडळी असत: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, आउटपुटला ईएल ८४, आणि एसीचं डीसी करायला ईझेड ८०. जुन्या बाजारात अशा सेटचा सांगाडा मिळाला तर व्हॉल्व्हपेक्षा ट्रान्सफॉर्मर आणि सिरॅमिकचे सॉकेट जपून काढा. आपल्याला लागणारे ईसीसी ८२ किंवा ईसीसी ८८ त्या सेटांत बहुधा नसतात. ते लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा टीव्हीच्या ट्यूनरमध्ये सापडायचे. जत्रेत, सप्ताहात, निवडणुकीच्या सभेत वाजणाऱ्या अहुजाच्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांतून आजही एखादा निघतो. नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नवे हवे असतील तर स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये अजून बनतात.

आता हिशोब. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी इथं थोडं सोसावं, कारण व्हॉल्व्हच्या आउटपुट स्टेजमध्ये जे बिघडतं ते नव्वद टक्के वेळा या दोन-तीन भागाकारांत बिघडलेलं असतं.

फिलिप्सने १९८२ साली सीडी आणली तेव्हा त्यांच्या पहिल्या यंत्रांत १४ बिटांचा टीडीए १५४० होता आणि चौपट वेगानं नमुने देऊन त्याची कसर भरून काढली होती. मग १९८५ च्या सुमारास १६ बिटांचा टीडीए १५४१ आला आणि त्याची ‘ए’ आवृत्ती आजही हौशी लोकांची लाडकी आहे. अनेकांना वाटतं, हीच चिप घ्यावी, तिच्या पायावर एक रेझिस्टन्स जमिनीला लावावा, म्हणजे करंटचं व्होल्टेज झालं, आणि तिथून व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जावं. किती सोपं! आता आकडे मांडा. या चिपचा पूर्ण करंट ४ मिलिॲम्पिअर. मधला २ मिलिॲम्पिअर बाजूला काढला तर आवाजाचा भाग उरतो वर २ आणि खाली २. चिप सांगते, माझ्या पायावर २५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त चढउतार होऊ देऊ नका, नाहीतर मी वाकडी चालेन. म्हणजे रेझिस्टन्स फार तर १२.५ ओहम. त्यावर मिळणारं व्होल्टेज आरएमएस हिशोबानं १७.७ मिलिव्होल्ट. आपल्याला हवेत २ व्होल्ट. भागाकार केला तर ११३ पट. ईसीसी ८३ हा नेहमीच्या छोट्या व्हॉल्व्हमधला सर्वांत जास्त वाढ देणारा, त्याचा गुणकच मुळी १००, आणि सर्किटात बसल्यावर प्रत्यक्षात मिळतात साठच्या आसपास. म्हणजे दोन स्टेज लागणार, म्हणजे दुप्पट गोंगाट, दुप्पट हमिंग. किंवा मध्ये उत्तम प्रतीचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, जो डॅकपेक्षा महाग पडतो. लोक रेझिस्टन्स वाढवतात, आवाज मोठा होतो, आणि चिप वाकडी चालते ती व्हॉल्व्हच्या नावावर ‘गोडवा’ म्हणून खपते. शिवाय ही चिप बनायची कधीच बंद झाली. बाजारात नवीन शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या जुन्या आणि नकली चिपांचा सुळसुळाट आहे.

म्हणून पुस्तिकेतलं मुख्य सर्किट पीसीएम १७९४ए वर आहे. ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप. हिला प्रत्येक बाजूला दोन आउटपुट असतात, एक वर जातं तेव्हा दुसरं खाली जातं. प्रत्येकातला चढउतार तळापासून शिखरापर्यंत ७.८ मिलिॲम्पिअर. प्रत्येक पायावर ३३ ओहम लावले तर एका पायावर साधारण १२९ मिलिव्होल्टचं शिखर येतं. दोन्ही पायांमधला फरक मोजला तर दुप्पट, म्हणजे १८२ मिलिव्होल्ट आरएमएस. आता २ व्होल्टसाठी फक्त ११ पट वाढ हवी. ईसीसी ८२ चा गुणक १७, प्लेटला २२ किलोओहम लावले तर साडेबारा पट मिळते. एकाच काचेत दोन ट्रायोड असतात, ते दोन्ही एकमेकांना तोलत चालवले तर दोन प्लेटमध्ये २.३ व्होल्ट मिळतात, एका प्लेटवरून घेतले तर १.१५. बहुतेक ॲम्प्लिफायरांना १.१५ पुरतात. शिवाय या चिपच्या दोन्ही पायांवर ६.२ मिलिॲम्पिअरचा जो सारखा करंट असतो, त्यातून ग्रिडवर सुमारे २०५ मिलिव्होल्ट डीसी येतं. पण दोन्हीकडे सारखंच आल्यामुळे ही जोडी ते दुर्लक्षित करते. एकेरी सर्किटात तिथं कंडेन्सर घालावा लागला असता.

हे फुकट मिळत नाही. पीसीएम १७९४ए ला आपले पाय शून्य व्होल्टवर धरून ठेवणारं सर्किट आवडतं. ३३ ओहमवर चालवली की तिचे कागदावरचे आकडे घसरतात. ही घसरण किती, हे ऐकून ठरवण्यापेक्षा ऑडिओ कार्डाला जोडून मोजावं. ३३ च्या जागी १५ लावून पुन्हा मोजावं. व्होल्टेज कमी मिळेल, विकृतीही कमी होईल. कुठं थांबायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी ३३ वर थांबलो.

आता चवीचा मुद्दा. ट्रायोडची जी विकृती असते तिच्यात दुसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण जास्त. दुसरं हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनं, म्हणजे साचा तार सा. तिसरं म्हणजे तार सप्तकातला पंचम. तंबोरा लावून बसणाऱ्या माणसाच्या कानाला हे दोन्ही घरचेच. तंबोऱ्याच्या तारेत ते आधीच आहेत, व्हॉल्व्हने त्यांत चिमूटभर भर घातली तर कान दचकत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. इथपर्यंत विकणारे बरोबर बोलतात.

पण संगीतात एका वेळी एकच स्वर नसतो. समजा सा २४० हर्ट्झवर आहे आणि तंबोऱ्यात मध्यम लावलाय, ३२० वर. वाकडा ॲम्प्लिफायर या दोन्हींची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करतो. वजाबाकी ८०, म्हणजे मध्यमाच्या दोन सप्तकं खालचा मध्यम. ठीक, तो तरी सुरात आहे. बेरीज ५६०. तार सा ४८०, तार रे ५४०, तार कोमल गंधार ५७६. ५६० यांतल्या कुणाच्याच घरी बसत नाही. रिषभ आणि कोमल गंधार यांच्या मधोमध लटकलेला हा स्वर गायकानं लावलेला नाही, तंबोऱ्यातही नाही, आपण डब्यातून टाकलेला आहे. एकट्या बासरीवर ‘वा’ म्हणायला लावणारं सर्किट भरगच्च आवाजात चिखल का करतं, ते यातून कळेल. तेव्हा दुसऱ्या हार्मोनिकचं कौतुक करताना किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. तोल साधलेल्या जोडीत ते बरंचसं आपोआप कटतं. काही हौशी मंडळी त्यामुळेच ही जोडी नको म्हणतात. त्यांच्यासाठी मागे एक एकेरी सर्किटही दिलं आहे.

ऐकून पारख करायची तर माझी शिफारस पखवाजाची. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पं. शंकरबापू आपेगावकर यांनी पखवाज देशभर नेला. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ध्वनिमुद्रण हाती लागलं तर उत्तमच, नाहीतर कीर्तनातला कोणताही चांगला पखवाज चालेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, तिच्यामुळे तो खोल, गोल घुमारा येतो. उजव्या तोंडाला शाई, तिथून खणखणीत, टोकदार बोल. हाताची थाप पडण्याचा क्षण अगदी तीक्ष्ण आणि मागचा घुमारा लांब. सर्किटाची दोन दुखणी इथं लगेच उघडी पडतात. घुमारा बारीक येत असेल तर आउटपुटचा कंडेन्सर लहान आहे. पुढच्या ॲम्प्लिफायरचा रोध १० किलोओहम असेल तर १ मायक्रोफॅरडने १६ हर्ट्झपासूनच खालचा आवाज उतरू लागतो, आणि खालच्या स्वरांची कला (फेज) त्याच्याही आधी बिघडते. २.२ मायक्रोफॅरड लावले तर ती सीमा ७ हर्ट्झवर जाते. आणि थाप बोथट वाटत असेल तर आउटपुटचा रोध आणि वायर पाहा. रोध १० किलोओहम आणि वायर पाच मीटर, म्हणजे अंदाजे ५०० पिकोफॅरड, असेल तर ३२ किलोहर्ट्झवरच कात्री लागते. ईसीसी ८८ चा कॅथोड फॉलोअर मागे जोडला की रोध दीडशे-दोनशे ओहमवर येतो आणि ही अडचण संपते. हा व्हॉल्व्ह मुळात टीव्हीच्या ट्यूनरसाठी घडवलेला आहे. म्हणून त्याच्या ग्रिडपाशी काही शे ओहमचा छोटा रेझिस्टन्स अगदी पायाला चिकटून लावा, नाहीतर तो कुणाला ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्येवर स्वतःच गात बसतो.

आता वीज.

परळीला औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आहे. वैजनाथाच्या गावची राख आणि चिमण्या लांबून दिसतात. पण वीज जिथं तयार होते तिथल्या गावांना ती सरळ मिळते असं नाही, आणि २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. गावच्या टोकाला राहणाऱ्यानं गृहीत काय धरायचं? डीपीपासून लांबच्या घरात शेतीच्या मोटारी सुरू असताना मीटर १८० दाखवतो. मोटारी बंद झाल्या आणि सगळे झोपले की २६० पर्यंत चढतो. २३० हा या दोहोंच्या मधून जाताना लागणारा थांबा.

व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे. साधा ट्रान्सफॉर्मर लावला तर १८० वर हीटरला ४.९ मिळतात, २६० वर ७.१. पहिल्यात कॅथोड थंड राहतो, पुरेसे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, आवाज मरगळतो. दुसऱ्यात व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून हीटरसाठी रेग्युलेटर लावायचा, इथपर्यंत सगळे येतात. ईसीसी ८२ चे हीटर १२.६ व्होल्टवर जोडता येतात, दोन व्हॉल्व्ह मिळून ३०० मिलिॲम्पिअर. एलएम ३१७ लावला, ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा घेतला. २३० वर झकास चालतं.

संध्याकाळी काय होतं ते पाहू. १८० वर त्या १५ चे ११.७ उरतात. डीसी झाल्यावर शिखर १६.६, त्यातून ब्रिजचे दोन डायोड १.४ खातात, उरले १५.२. मोठ्या कंडेन्सरवरही एखादा व्होल्ट खालीवर होतो, म्हणजे दरीत १४.२. एलएम ३१७ ला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे किमान १४.६ हवेत. नाहीत. सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटर क्षणभर हात टेकतो आणि तेवढ्याच वेळा हीटरवर खाच पडते. हीच ती संध्याकाळची घुमघुम, जिचा दोष लोक व्हॉल्व्हला, वायरिंगला, अर्थिंगला देतात आणि सकाळी तपासायला बसले की ती नसते. उपाय अगदी गद्य आहे. ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा घ्या. मग १८० वरही साडेअठरा मिळतात. रात्री २६० वर ते २७ च्या पुढे जातात आणि एलएम ३१७ वर साडेचार वॅट जळतात, तेव्हा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पंखा (हीटसिंक) त्याला लावा. मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते हे लक्षात ठेवून पंखा डब्याच्या बाहेर काढा, आणि कंडेन्सर १०५ अंशांचेच घ्या.

प्लेटच्या व्होल्टेजची गोष्टही तशीच. जुन्या पुस्तकांत यासाठी ०ए२ नावाचा गॅसचा व्हॉल्व्ह सांगितलेला असतो. तो १५० व्होल्ट धरून ठेवतो, जांभळा उजेड देतो, दिसायला सुंदर. पण त्याला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३० मिलिॲम्पिअर चालतात. आपले व्हॉल्व्ह १६ खातात. २३० वर रेग्युलेटरच्या आधी २६० व्होल्ट असतील, तर १८० ला ते २०३ होतात आणि २६० ला २९४. २०३ वर काम चालायचं तर मधला रेझिस्टन्स अडीच किलोओहमच्या वर नेता येत नाही. मग रात्री त्यातून साडेसत्तावन्न मिलिॲम्पिअर वाहतात, १६ व्हॉल्व्ह घेतात, उरलेले ४१ बिचाऱ्या ०ए२ च्या वाट्याला येतात. लंडनमध्ये तो वर्षानुवर्षं टिकला असेल. आपल्याकडे मॉसफेटचा रेग्युलेटर लावावा. पुस्तिकेत तोच दिला आहे, जांभळ्या उजेडाची हौस असलेल्यांनी शोभेला वेगळा दिवा लावावा.

‘घराला स्टॅबिलायझर आहे की,’ असं कुणी म्हणेल. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं व्होल्टेज बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला ‘कट्’ करून एक झटका आत सोडतो. फ्रिजला चालतो, इथं तो स्पीकरमधून ऐकू येतो. इन्व्हर्टरचं त्याहून वाईट. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, आणि ते गुरगुरणं शेजारच्या डॅकच्या जमिनीत उतरतं. लाईट गेली की गाणं थांबवलेलं बरं.

अर्थिंगबद्दल दोन ओळी. उन्हाळ्यात इथली जमीन इतकी वाळते की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. जुने वायरमन त्यात मिठाचं पाणी ओततात, ते अडाणीपण नव्हे. डब्याचं पत्र्याचं आवरण या अर्थिंगला पक्कं जोडलेलं असलंच पाहिजे. सर्किटाची जमीन मात्र एकाच बिंदूवर गोळा करून तिथूनच आवरणाला न्यायची. डॅकची डिजिटल बाजू, रास्पबेरी पाय वगैरे, वेगळ्या सप्लायवर ठेवायची. आणि वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की प्लग काढायचा, कारण आपल्याकडची वीज तारेवरून घरात येते तशी आभाळातूनही येते.

जीवाची गोष्ट इथंच सांगून टाकतो, मागे छोट्या अक्षरात ती वाचली जात नाही. मोबाइलच्या चार्जरवर वाढलेल्या पोरांना पाच व्होल्टची सवय असते. इथं दीडशे ते तीनशे आहेत आणि लाईट गेल्यावरही कंडेन्सरमध्ये ते बसून असतात. प्रत्येक मोठ्या कंडेन्सरच्या पायांवर २२० किलोओहमचा रेझिस्टन्स कायमचा लावा. ४७ मायक्रोफॅरड त्यातून मिनिटभरात रिकामा होतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून पाहा, आणि चालू सर्किटात मापताना एक हात खिशात. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तोपर्यंत प्लेटवर पूर्ण १५० व्होल्ट उभे असतात आणि आउटपुटच्या कंडेन्सरमधून त्यांचा धक्का ॲम्प्लिफायरला बसतो. त्यासाठी मिनिटभर आउटपुट जमिनीला दाबून धरणारा रिले दिला आहे. तो ऐच्छिक नाही. स्पीकरचा कोन फाटला की ऐच्छिक शब्दाचा अर्थ कळतो.

शेवटचं प्रकरण ज्यांच्याकडे पीसीएम ५१०२ए सारखी तयार, स्वतःच २.१ व्होल्ट देणारी चिप आहे त्यांच्यासाठी. या चिपला वाढीची गरज नाही, दरी नाही, व्हॉल्व्हला करायला काम नाही. तरी मागे नुसता फॉलोअर जोडून विकणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्सने १९८० च्या दशकात व्हॉल्व्हच्या आउटपुटचा सीडी प्लेअर काढला तेव्हापासून ही वाट रुळलेली आहे. ज्याला चव म्हणून हवं त्यानं करावं, त्याचं सर्किट दिलंय, पण ते दोन पानांत आटोपलंय.

सामान आणायला पुण्याला जाण्याआधी एक काम घरी बसून करायचं आहे. साधा मीटर घ्या, ज्या सॉकेटवर डबा चालणार त्याच सॉकेटला लावा, आणि आठवडाभर पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री झोपताना व्होल्ट वहीत लिहा. शेतीच्या लाईटची पाळी बदलली की पुन्हा आठवडाभर. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्याखाली रेघ ओढा. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा असेल तर प्रायमरीला २००, २३० आणि २५० असे तीन टॅप काढायला सांगा. पुढच्या पानावरच्या तक्त्यात १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसारखे विजेचे जे आकडे आहेत ते १८० ते २६० साठी काढलेले आहेत. तुमच्या वहीतल्या दोन रेघा वेगळ्या असतील तर तो तक्ता पुन्हा मांडावा लागेल. मांडायची रीत तक्त्याखाली दिली आहे.